स्वतःच म्हणाली, मी बसते

माझ्या मधल्या वहिनींना आमच्या घरात मागून 'चपलाकाकू' म्हणत. तोंडावर नुसतं काकू. पण लहान पोरांना मागून आणि तोंडावर यातला फरक कळत नाही. त्यामुळे अधूनमधून एखादं पोर भर जेवणात ते नाव उच्चारी आणि मोठी माणसं ताटाकडे बघत हसत. वहिनी वाढत असल्या तर वाढतच राहत. डाव तेवढा भांड्यावर जरा जोरात आपटे.

मी लिहिणारा माणूस नव्हे. सहीपलीकडे माझा हात फारसा चाललेला नाही. पण ही हकिगत दुसऱ्या कुणी सांगितली तर तो थोरल्या वहिनींची बाजू धरून सांगेल, म्हणून धीर करतो आहे.

आम्ही तिघे भाऊ. मी धाकटा. थोरल्या भावाला आम्ही दादा म्हणत असू. घर त्याच्या पगारावर चालायचं आणि थोरल्या वहिनींच्या जिभेवर. मधला भाऊ अबोल. त्याचं लग्न होऊन महिनाही झाला नसेल, तेव्हा सगळे मिळून एक जुनं देऊळ बघायला गेले. शेकडो वर्षांपूर्वीचं, सगळं दगडी, बाहेरच्या भिंतीला खालून हत्तींची रांग कोरलेली आणि आत मंडपाच्या छताला एक भलंमोठं दगडी कमळ. लोक लांबून ते कमळ बघायला येतात. मी तापानं फणफणलो होतो म्हणून घरी राहिलो. त्यामुळे त्या दिवसाचं मला जे माहीत आहे ते दोन्ही जावांकडून ऐकलेलं आहे.

वहिनी (यापुढे नुसतं वहिनी म्हटलं की मधल्या समजावं) सांगत ते असं. देवळाच्या दाराशी सगळ्यांनी चपला काढल्या. थोरल्या म्हणाल्या, "सगळे एकदम गेलो तर एकही चप्पल जागेवर राहायची नाही. पाळीपाळीनं जाऊ. तू जरा बस. आम्ही गेलोच नि आलोच." वहिनी ओट्यावर बसल्या. नवी नवरी, नाही कशी म्हणणार? नवऱ्याकडे पाहिलं, तर तो बुटाची नाडी सोडण्यात गुंग. ऊन चढलं, सावली सरकली, त्याबरोबर त्याही चपलांचा ढीग घेऊन सरकल्या. समोर हत्तींच्या रांगेत एक सोंड तुटलेला हत्ती होता. दुपारभर त्या त्याच्याकडे बघत बसल्या. सगळे बाहेर आले ते धावतच, परतीची बस सुटायला आली होती. ज्यानं त्यानं आपापल्या चपला ओढल्या आणि पळाले. वहिनींनी देवळाचा उंबरासुद्धा ओलांडला नाही.

आणि थोरल्या सांगत ते असं: "अगं, तिला कसली हौस! स्वतःच म्हणाली, मी बसते, मला काही बघायचं नाही."

एवढंच वाक्य. पण घरात पाहुणा आला, कुठल्या प्रवासाचा विषय निघाला, की ते वाक्य यायचंच. आधी कमळाचं वर्णन व्हायचं. "मान मोडेपर्यंत वर बघत होतो. ह्यांनी तर माझा फोटो काढला खांबापाशी." मग वहिनींकडे हात करून, "ही मात्र चपलांपाशी. स्वतःच म्हणाली, मी बसते." आणि सगळे हसायचे. नव्या सुनेला ही गोष्ट ऐकवली गेली, तिच्या माहेरच्यांना ऐकवली गेली, एकदा तर नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही ऐकवली गेली. तो बिचारा पान्हा हातात धरून उभा.

एकदाच वहिनी म्हणाल्या, "मी असं म्हणाले नव्हते, जाऊबाई."

"म्हणालीस की! तुला आठवत नाही. उन्हात बसली होतीस ना, उन्हानं विसरायला होतं."

पुन्हा हशा.

मधला भाऊ फार लवकर गेला. त्याच्या माघारी वहिनींनी नोकरी धरली, एका मोठ्या दुकानात. तिथं आत जाण्यापूर्वी गिऱ्हाइकांनी आपल्या पिशव्या दाराशी ठेवायच्या असत. त्या पिशव्या घेऊन फळीवर लावायच्या, पितळी बिल्ला द्यायचा, आणि माणूस बाहेर आला की बिल्ला घेऊन पिशवी परत करायची. हे ऐकल्यावर थोरल्या काय म्हणाल्या असतील ते वेगळं सांगायला नको. "हाताला वळण आधीपासूनच होतं हो तिच्या!"

मी कधीमधी त्या दुकानावरून जात असे. वहिनी उंच स्टुलावर बसलेल्या, तोंड दाराकडे आणि पाठ फळ्यांकडे. समोर खिळ्याला एक छोटा आरसा टांगलेला. मागं वळायला नको, पाठीमागच्या पिशव्यांना कुणी हात लावला तर आरशात दिसे. बिल्ल्याशिवाय त्या कुणाला काही देत नसत. दुकानाचा मालक एकदा स्वतःची छत्री मागायला आला, त्यालाही म्हणाल्या, "बिल्ला?" तो हसला. त्या हसल्या नाहीत. तो वर जाऊन कोटाच्या खिशातला बिल्ला घेऊन आला तेव्हा छत्री मिळाली. आणि दुकान बंद व्हायच्या वेळी एखादी पिशवी राहिली, तर तिचा धनी येईपर्यंत त्या उठत नसत. मी एकदा म्हटलं, "वहिनी, ठेवा ना कुलपात. कोण नेतंय?" तर म्हणाल्या, "भाऊजी, दुसऱ्याची वस्तू राखायला घेतली की उठता येत नाही. उठता आलं असतं, तर त्याच दिवशी नसते का उठले?"

तेव्हा मला कळलं, की हे विझलेलं नाही. राखेखाली निखारा जसाच्या तसा आहे.

निवृत्त होताना दुकानानं त्यांना घड्याळ दिलं. त्यांनी तो आरसा मागून घेतला आणि पर्समध्ये ठेवला. पुढं दादाही गेला. वहिनी थोरल्यांच्या उशापायथ्याशी बसल्या, सगळं केलं. मला वाटलं, दोघी विधवा, आता काय उरलंय. घरी परतताना मी तसं म्हणालोही. वहिनी चालता चालता थांबल्या.

"भाऊजी, मला तिचं वाईट व्हायला नको. मला फक्त एवढंच हवंय, की तिनं एकदा सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या तोंडानं म्हणावं, की ही तसं म्हणाली नव्हती. तेवढं ऐकल्याशिवाय मी मरत नाही."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"मग जगेन की. मला कुठं घाई आहे?"

थोरल्यांच्या पंचाहत्तरीला माझ्या पुतण्यानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, घरच्या सगळ्यांना कुठंतरी न्यायचं ठरवलं. छोटी बस केली. कुठं जायचं यावर बराच खल झाला. कुणी समुद्र म्हणे, कुणी डोंगर. वहिनींनी घरात कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाल्या, "ते कमळाचं देऊळ बघू या का? जाऊबाईंच्या फार आवडीचं. दादांनी फोटो काढला होता ना तिथं."

थोरल्यांचे डोळे भरून आले. "बघ, किती माझ्या मनातलं बोललीस! एकदा तो खांब बघायचाच आहे मला."

आमची ही माझ्या कानाशी लागली. "मधल्या जाऊबाईंच्या मनात काहीतरी आहे. चेहरा बघा, दूध प्यायलेल्या मांजरासारखा."

बसमध्ये वहिनी पुतण्याच्या शेजारी बसल्या आणि वाटभर त्याच्या नव्या बुटांचं कौतुक करत राहिल्या. बूट खरोखरच भारी होते, परदेशातून आणलेले.

"कातडं कसलं मऊ रे! असे बूट मी दुकानात भल्याभल्यांच्या पायात नाही पाहिले. सांभाळ बाबा. देवळाच्या दारात अशाच बुटांवर डोळा असतो. देव आत आणि चोर बाहेर, दोघांनाही माणसाचं मन दिसतं."

"काकू, तिथं स्टँड असेल की चपलांचा."

"असतो, पण पार खाली, गाड्यांपाशी. तिथून वर अनवाणी यायचं, या उन्हात. आणि आईचा गुडघा?"

मागच्या बाकावरून थोरल्या म्हणाल्या, "छे छे, इतके महागाचे बूट कुठल्या स्टँडवर टाकायचे नाहीत हं. मला नाही चालायचं."

वहिनी खिडकीबाहेर बघू लागल्या. मला त्यांचा अर्धाच चेहरा दिसत होता. त्या अर्ध्या चेहऱ्यावरचं सुख मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

देऊळ तसंच होतं, म्हणजे ऐकलं होतं तसंच. मी पहिल्यांदाच बघत होतो. काळपट दगड, हातानं चोळून चोळून गुळगुळीत झालेले दाराचे कोपरे, आणि उजवीकडे एक लांबलचक ओटा. वहिनी सरळ त्या ओट्याकडे गेल्या, जशी रोजची वाट असावी. सगळ्यांनी चपला काढल्या. पुतण्यानं बूट काढले आणि ओट्याखाली सरकवले. आणि वहिनी बोलल्या. इतकी वर्षं शब्द तोंडपाठ करून ठेवलेले.

"सगळे एकदम गेलो तर एकही चप्पल जागेवर राहायची नाही. पाळीपाळीनं जाऊ. जाऊबाई, तुम्ही जरा बसा. गुडघ्यालाही आराम. आम्ही गेलोच नि आलोच."

थोरल्या "अगं, पण..." एवढं म्हणेपर्यंत पुतण्या पुढं गेलेला, सूनबाई त्याच्या मागं, आणि आमची ही तर धावलीच. थोरल्यांनी एकदा आमच्या पाठींकडे पाहिलं, एकदा बुटांकडे, आणि त्या बसल्या.

मी घुटमळलो. वहिनींनी माझं मनगट धरलं. "चला भाऊजी. मागं बघू नका."

आत गार अंधार होता. डोळे सरावल्यावर खांब दिसू लागले. मंडपाच्या मधोमध सगळे माना वर करून उभे. मीही वर पाहिलं आणि खरं सांगतो, क्षणभर मला घरचं सगळं भांडण क्षुद्र वाटलं. दगडाच्या पाकळ्या एकीखाली एक उलट्या लोंबत होत्या, अशा पातळ, की वारा आला तर हलतील.

वहिनींना वर बघता येईना. इतकी वर्षं स्टुलावर बसून त्यांची मान आखडली होती. डॉक्टरांनी पट्टा दिला होता, तो त्या लावत नसत. त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि तोंड कडू केलं. मग पर्समधून तो दुकानातला आरसा काढला, तळहातावर उताणा धरला आणि मान खाली घालून त्यात बघू लागल्या. आरशात कमळाची एकेक पाकळी सरकत होती. मी म्हटलं, "कसं आहे, वहिनी?"

"चांगलं आहे." जरा वेळानं म्हणाल्या, "बसली असेल ना ती? उठून गेली नसेल ना गाडीत?"

"बूट सोडून जायच्या नाहीत."

"हं." पुन्हा आरसा. "ऊन आता ओट्याच्या या टोकाला आलं असेल. आता ती सरकेल. बूट आधी सरकवेल, मग स्वतः."

असं आमचं देवदर्शन. त्यांनी एकही खांब सोडला नाही. प्रत्येक मूर्तीपाशी थांबल्या, पाटी वाचली, वाचलेली पुन्हा वाचली. पुतण्या दोनदा म्हणाला, "काकू, आई एकटी आहे." त्या म्हणाल्या, "हो रे, आलेच," आणि आणखी एका कोनाड्याकडे वळल्या. दादानं फोटो काढला तो खांब कुठला हे, घरी तो फोटो पाहिलेल्या सूनबाईला विचारून त्याच्यापाशी तर त्या चांगल्या टेकून बसल्या. मला ते बघवलं नाही. पण मी उठवलंही नाही.

आम्ही बाहेर आलो तेव्हा थोरल्या ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला, बोटभर सावलीत बसल्या होत्या. चेहरा लालबुंद, पदर डोक्यावर, मांडीवर पुतण्याचे बूट. पुतण्या ओशाळला.

"सॉरी आई, फार वेळ लागला. कंटाळलीस ना?"

थोरल्या तोंड उघडणार, त्याच्या आत वहिनी म्हणाल्या, "तिला कसला कंटाळा? ती स्वतःच म्हणाली, मी बसते, मला काही बघायचं नाही."

"मी?" थोरल्या ताडकन उठल्या. गुडघा विसरल्या. "मी कधी म्हणाले?"

"म्हणालात की. तुम्हाला आठवत नाही. उन्हात बसला होतात ना, उन्हानं विसरायला होतं."

"अगं, मी शब्दही बोलले नाही! तूच म्हणालीस, बसा!"

आमची ही पुढं सरसावली. "म्हणालात हो, थोरल्या जाऊबाई. मीही ऐकलं." हिला कुणी सांगितलं नव्हतं. पण हिचंही काही जुनं येणं असावं.

"खोटारड्या कुठल्या!" थोरल्यांचा आवाज चढला. चपला घालणारे चार परके लोकही थांबले. "खांब बघायला मी जीव टाकत आले, आणि मी म्हणेन बसते? अरे, कोण वेडी बाई इतक्या लांब येऊन म्हणेल, की तुम्ही देऊळ बघा, मी चपला राखते! असं कुणी स्वतःहून म्हणतं का?"

सूनबाई लग्न होऊन आल्यापासून ती गोष्ट ऐकत आली होती. तिनं आधी सासूकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि हळूच म्हणाली, "म्हणजे... तेव्हा काकूही..."

"तू नको बोलूस," वहिनी म्हणाल्या. "ज्यांचं आहे त्यांना बोलू दे."

थोरल्यांच्या ध्यानात आलं. मी त्यांचा चेहरा बघत होतो. आधी राग होता, मग तो कुठंतरी गळून गेला आणि एक थकलेली म्हातारी तेवढी उरली. त्यांनी बूट खाली ठेवले.

"इतकी वर्षं मनात धरून बसलीस?"

"मला बसायची सवय आहे. तुम्हीच लावली."

"जाऊ दे ना गं आता. माझा वाढदिवस..."

"तुमचाच आहे. म्हणून तर आणलं."

"नव्हतीस म्हणाली," थोरल्या खाली बघत पुटपुटल्या.

"कोण?"

"तू."

"काय म्हणाले नव्हते?"

पुतण्या मधे पडू लागला, "काकू, पुरे ना..." वहिनींनी त्याच्याकडे नुसता हात केला, दुकानात रांग मोडणाऱ्याला करायच्या तसा. तो मागं सरला.

"मी बसते, असं तू म्हणाली नव्हतीस," थोरल्या म्हणाल्या. "मीच बसवलं होतं. तू नवी होतीस, काही बोलणार नाहीस हे मला ठाऊक होतं. आणि मग एकदा तसं सांगितलं, लोक हसले, म्हणून पुन्हा सांगितलं. झालं समाधान?"

वहिनींनी डोळे मिटले. त्यांचा ऊर एकदा वर गेला आणि खाली आला. मला वाटलं, आता दोघी गळ्यात पडणार. माझ्या हिनं रुमालही काढला.

आतून राखणदाराचा आवाज आला, दुपारचं दार लावायची वेळ झाली होती. थोरल्यांनी दाराकडे पाहिलं. त्यांचा खांब आत होता. मागावं कसं हे त्यांना कळेना. आयुष्यात कधी मागितलेलं नव्हतं.

वहिनी ओट्यावर बसल्या. थोरल्यांच्या काढून ठेवलेल्या चपला त्यांनी पायानं स्वतःकडे ओढल्या.

"जा. बघून या तुमचा खांब. मी बसते." मग आम्हा सगळ्यांकडे एकेकाकडे बघत म्हणाल्या, "ऐकलंत ना सगळ्यांनी? याला म्हणतात स्वतःच म्हणणं."

थोरल्या गेल्या. सूनबाईच्या खांद्यावर हात ठेवून, जमेल तेवढं भरभर. बाकीच्यांनी पायात चपला सरकवल्या आणि बसकडे निघाले. मी वहिनींपाशी थांबलो. समोर हत्तींची रांग होती. सोंड तुटलेला हत्ती मला ओळखू आला.

"हाच का तो?"

"हाच. आणखी एक दात पडलाय बिचाऱ्याचा."

"आता तरी गेला ना राग, वहिनी?"

त्यांनी विचार केला. माझ्याशी खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. "निम्मा," त्या म्हणाल्या.

थोरल्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. खांब सापडला असावा. सूनबाईनं आपल्या चपला घातल्या आणि ती नवऱ्याला हाक मारायला पुढं गेली. आतली गार फरशी संपून थोरल्यांचे पाय दारापुढच्या दगडावर पडले आणि त्या एकदम उड्या मारू लागल्या. दगड तव्यासारखा तापला होता.

"चपला दे गं."

वहिनी हलल्या नाहीत. मान आखडलेली, पाठ ताठ, तोंड दाराकडे. त्या उंच स्टुलावर बसत तशाच.

"बिल्ला?" त्या म्हणाल्या.

"कसला बिल्ला? अगं, पाय भाजतायत माझे!"

"बिल्ल्याशिवाय ओळख पटवावी लागेल. कुठल्या म्हणालात, काळ्या की तपकिरी? थांबा हं, बघते. पट्ट्याच्या होत्या की अंगठ्याच्या?"

थोरल्या एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होत्या. पदर घसरला, तो सावरायलाही उसंत नव्हती. आणि वहिनी ओट्याखाली वाकून, अगदी सावकाश, आरसा धरून इकडून तिकडे शोधत होत्या.

ओट्याखाली एकच जोड होता.